भिंतीपलीकडचं हसू

त्या काळी शेजारचा दातांचा डॉक्टर हसला, की तिची संध्याकाळ वाया जायची.

कारण साधं होतं. दोन घरांमधली भिंत पातळ, दोघांची आवडती विनोदी मालिका एकच. पण त्याच्याकडे डिश आणि तिच्याकडे केबल. केबलवर चित्र जरा उशिरा पोचायचं – फार नाही, क्षण-दोन क्षण. तेवढ्यात पलीकडे गडगडाट व्हायचा आणि मग तिच्या पडद्यावर विनोद यायचा... शिळा होऊन. तिची आत्या त्याला 'गडगड्या' म्हणायची. दोघींनी त्याला धड पाहिलंही नव्हतं.

मग केबलवाल्यांचं आणि चॅनेलवाल्यांचं बिनसलं. करार संपला, दर ठरेनात, आणि एका संध्याकाळी मालिकेच्या जागी निळ्या पडद्यावर नुसती दिलगिरी उमटली. दोघी दिलगिरीकडे बघत बसल्या. पलीकडे गडगडाट झाला. मागून विनोद मात्र आलाच नाही.

"काय झालं असेल गं?" आत्या कळवळली. "जा, विचारून ये."

"मी? ओळख ना पाळख!"

"रोज आपल्या घरात हसतो तो. आणखी किती ओळख हवी?"

त्यानं दार उघडलं तेव्हा चष्मा कपाळावर होता आणि डोळ्यांत हसून हसून पाणी.

"माफ करा, पण... आत्ता का हसलात?"

"फार मोठ्यानं हसलो का?"

"नेहमीइतकंच. फक्त आज आमच्याकडे विनोद पोचला नाही."

तो विनोद सांगायला लागला आणि सांगता सांगता इतका हसला, की शेवट राहूनच गेला. "त्यापेक्षा आतच या ना," तो म्हणाला. "घरी कोण असेल त्यांनाही बोलवा."

मग रोजच जाणं झालं. सुरुवातीला दोघांच्या मध्ये बसणारी आत्या हळूहळू खिडकीजवळच्या खुर्चीवर सरकली.

"तुमच्या हसण्यानं आमचे सगळे विनोद आधीच फुटायचे, ठाऊक आहे?" ती एकदा म्हणाली.

"अरेरे! मग भिंतीवर थाप मारायची!"

"ओळख नव्हती ना."

"आता आहे?"

"...थोडीशी."

हसण्याआधी तो चष्मा कपाळावर चढवतो, हे तिला पाठ झालं. पडद्यावर काय चाललंय, ते मात्र तिला आठवेनासं झालं.

आणि एक दिवस तडजोड झाली. चॅनेल परत आलं.

"बरं झालं," जिन्यात तो म्हणाला, चपलेकडे बघत.

"हो... बरंच झालं," तीही म्हणाली. आता कोणत्या निमित्तानं जायचं, हे काही तिला सुचेना.

त्या संध्याकाळी ती आपल्या जुन्या जागी बसली. विनोद जवळ आला. आता गडगडाट होणार... झालाच नाही. तिनं भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर विनोद आला, ती नकळत हसली – आणि अगदी त्याच क्षणी भिंतही हसली. पुढच्या विनोदालाही तसंच.

"केबल सुधारली वाटतं," आत्या म्हणाली.

केबल अशी एका रात्रीत सुधारत नसते. पलीकडे कुणीतरी हसू दाबून बसलं होतं, तिचा विनोद फुटू नये म्हणून.

तिनं भिंतीवर थाप मारली.

"आवाज झाला का?" पलीकडून घाबरा प्रश्न आला.

"उलट! इतकं हसू दाबू नका, दात दुखतील."

मग पलीकडून हळूच, "तिकडे येऊन हसू?"

ती दाराकडे धावली. पण आत्यानं दाराची कडी कधीच काढली होती.

आता इतक्या वर्षांनी घरात टीव्ही एकच आहे. तरी विनोद झाला की तो क्षणभर थांबतो, चष्मा कपाळावर चढवतो, तिच्याकडे बघतो... आणि मग हसतो.