कडी आतून आहे

त्याच्या कॉलरला माइक मीच लावला होता.

"हलू नका," म्हटलं, तर गडी श्वाससुद्धा रोखून उभा राहिला. उंच, बाह्यांवर खडूची पूड, आणि डोळे... जाऊ दे. बरा आहे की, असं वाटून गेलं खरं!

मी एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते. त्या दुपारी कॉलेजातल्या व्याख्यानासाठी माइक, स्पीकर घेऊन गेले होते. वक्ता कोण, विषय काय, मला काही देणंघेणं नव्हतं. पण त्यानं सुरुवातच केली, "आज सगळ्यांच्या ओठांवरचं एक गाणं घेऊ — 'दाराशी थांब जरा'."

माझ्या काळजात धस्स झालं. ते गाणं माझं होतं.

म्हणजे शब्द माझे. चाल लावली आमच्या स्टुडिओच्या मालकानं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. गाणं गाजलं, आणि 'गीत व संगीत' म्हणून नाव झळकलं दादाचं एकट्याचं. "तुझं पुढच्या गाण्याला बघू गं," तो म्हणाला, आणि मी मूग गिळून बसले.

इकडे वक्ते रंगात आले होते. "स्त्रीवादी नजरेनं पाहिलं, तर ही बाई घरात कोंडलेली आहे. मार्क्सवादी म्हणेल, दार म्हणजे खासगी मालमत्ता. आणि मनोविश्लेषणात दाराचा काय अर्थ लावतात, ते... मी इथे सांगत नाही."

सभागृह खो खो हसलं. माझे कान तापले. गाण्यातलं ते दार माझ्या आईचं, आणि त्यावर हसत होते मेले!

"शिवाय, लेखकाला काय म्हणायचं होतं ते विसरा. लिहून झालं की लेखक मेला, असं समजायचं —"

मी त्याचा माइक बंद केला.

तो नुसते ओठ हलवत राहिला. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता माघार कसली! मी उभी राहिले.

"दुसरं कडवं वाचलंत का, सर? 'कडी माझ्याच हाती, घाई कसली आहे?' कडी आतून आहे! कोंडलेल्या माणसाची कडी बाहेरून असते. दार तिचं, वेळ तिची. उघडेल सावकाश!"

मी माइक चालू केला. आता हा फाडून खाणार...

"खरंय," तो हळूच म्हणाला. "हे मला दिसलंच नव्हतं."

इतका राग आला! भांडायला कंबर कसून उभं राहावं, आणि समोरच्यानं 'खरंय' म्हणावं?

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते, तर हा समोर हजर. "तुम्ही साहित्य शिकवता का?"

"नाही. हे गाणं मी लिहिलंय."

तोंडातून गेलं ते गेलंच.  तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे मी तुम्हाला... मेलेली म्हणालो?"

"तोंडावर."

कँटीनमध्ये चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं. बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी आईच्या ऑफिसातले एक गृहस्थ मागणी घालायला आले. आई दार उघडेना. आरशासमोर बसून शांतपणे केस विंचरत होती. आज तेच गृहस्थ आमच्या घरात आहेत, मी त्यांना काका म्हणते.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "पण बाहेरच्या माणसाला तुम्ही एकही ओळ दिली नाहीत. त्याला काय वाटत असेल?"

"गाणं तिचं आहे!" मी फणकारले. पण घरी जाऊन काकांना विचारलंच. ते ओशाळून हसले. "भीती वाटत होती गं. दोनदा जिना उतरून गेलो होतो." इतकी वर्षं मला हे सुचलंही नव्हतं.

मग आमचं भांडण रोजचंच झालं. तो सिद्धांत मांडायचा, मी मोडायची. चहा गार व्हायचा. एकदा मात्र तो सरळच म्हणाला, "माझ्यावर रागावता, कारण मी उलट बोलत नाही. ज्यानं तुमचं नाव खाल्लं, त्याच्यावर एकदा रागावून बघा ना."

"मला शिकवू नका!" मी ताडकन उठून निघून आले. आठवडाभर तोंड पाहिलं नाही त्याचं. पण ते वाक्य काही केल्या पाठ सोडेना, कारण... ते खरं होतं.

शेवटी दादापुढे जाऊन उभी राहिले. नवं गाणं लिहून तयार होतं. "आधी जुन्या गाण्यावर माझं नाव. मग हे."

दादा हसला. "शब्द कोण ऐकतं गं? लोक चालीवर डोलतात."

"मग नवं गाणं बिनशब्दांचंच करा!"

नोकरी गेली असंच धरून बाहेर पडले. पण मान ताठ होती. दादानं स्वतः शब्द जुळवून पाहिले म्हणे. गायिकेनं ते वाचले आणि हात जोडून म्हणाली, "आधीच्या गाण्याचे शब्द ज्यांनी लिहिले, त्यांना बोलवा." दादाचा फोन आला. मोबाइलच्या पडद्यावर जुन्या गाण्याखाली माझं नाव आलं — स्वतंत्र ओळीत!

मी तडक कॉलेज गाठलं. तो नुकताच वर्गातून बाहेर पडत होता. नाव दाखवलं, तर ते वाचताना त्याचे डोळे भरून आले.

"एक बोलायचं होतं," तो चाचरला. "मला... म्हणजे एका अर्थानं... तसे याचे अनेक अर्थ निघू शकतात, पण —"

"अहो, एकच अर्थ सांगा!" माझा संयम सुटला. "दादाशी भांडले मी, नाव मिळवलं मी, आता हेही मीच बोलायचं का?"

"नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "हे माझं मी बोलतो. तू मला फार आवडतेस."

मागे वर्गाच्या खिडक्यांत डोकीच डोकी. एकच टाळ्यांचा कडकडाट!

"मग इतके दिवस काय झोपला होतास?" मी ओरडले, आणि त्याचा हात घट्ट धरला.