सबवूफरची जागा

किण्... किण्... कपाटातल्या पेल्यांनी एकमेकांना हळूच टोकलं, आणि दुन्याच्या घरातली वर्षभराची शांतता मोडली.

सर्बियातल्या सोंबोरमध्ये मरण झालेल्या घरात वर्षाची प्रार्थना होईपर्यंत गाणं वाजत नाही, टीव्ही लागत नाही. दुन्याच्या नवऱ्याची, स्तेवानची ती प्रार्थना काल, शनिवारी चर्चमध्ये आणि मग त्याच्या कबरीपाशी झाली. म्हणून आज, पाच वर्षांच्या लेकीला, नेवेनाला कबूल केल्याप्रमाणे, दुन्याने मागची खोली उघडली होती — स्तेवानने जाण्याआधी हौसेने सजवलेली सिनेमाची खोली. पण चित्रपट सुरू होतो न होतो तोच कोपऱ्यातला सबवूफर, तो खर्जातल्या आवाजाचा पेटीएवढा स्पीकर, असा काही घुमला, की लेक कान झाकून बाहेर पळाली.

"आई, बाबाची खोली गुरगुरते! मी नाही जायची आत. कध्धीच."

पोरीला बाप आता जेमतेम आठवतो. त्याची खोलीही अशी भीतीची होऊन बसली, तर उरलं काय?

तेवढ्यात दार वाजलं. दारात शेजारचा रास्त्को. नाटकगृहात आवाजाची यंत्रं सांभाळायचा. एका भिंतीचा शेजार, पण आजवर ओळख म्हणजे कुंपणावरून मान हलवण्याइतकी. आत्ता त्याच्या हातात कॉफीचा कप होता.

"शेजारीणबाई, तुमच्याकडे वीज कोसळली का? माझ्या कॉफीत लाटा उठल्यात."

"माफ करा हं," दुन्या ओशाळली. "बंदच करतेय. उद्या सगळं विकूनच टाकते."

"एवढी शिक्षा? कोपऱ्यात ठेवलाय ना? मग बोंबलणारच बिचारा. त्याची जागा चुकलीय फक्त."

रीतीप्रमाणे त्याने बूट काढले आणि पाहुण्यांच्या सपाता शोधल्या. दारामागे पुरुषाच्या सपातांचा एकच जोड होता, टाचेशी झिजलेला. दुन्याचा हात तिकडे गेला... आणि तिथेच थांबला.

रास्त्कोने ते पाहिलं. तो मोज्यांनिशीच फरशीवर उतरला.

"अहो, फरशी बर्फ झालीय! आजारी पडाल."

"पडलो तर सूप पाठवा."

खोलीत त्याने ती जड पेटी कवेत उचलली. "याला आधी ऐकणाऱ्याच्या जागी बसवायचं. मग आपण भिंतीकडेने रांगायचं, कान जमिनीला लावून. जिथे आवाज साफ येईल, तीच याची जागा."

ऐकणाऱ्याची जागा... म्हणजे पडद्यासमोरची ती एकच खुर्ची. वर्षभर त्या खुर्चीवर कुणी टेकलंही नव्हतं.

"तिथे नको," दुन्या एकदम म्हणाली.

त्याने पेटी खाली ठेवली. खिडकीबाहेर धुकं दाटलं होतं, पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"नको तर नको. मी निघतो."

पलीकडच्या खोलीत नेवेना मुसमुसत होती. दुन्याने खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"थांबा... ठेवा."

मग दोन शहाणी माणसं दोन बाजूंनी रांगू लागली. तो मोज्यांवर, ती शोकाच्या काळ्या झग्यात.

"इथे?" त्याने विचारलं.

"घरघरतोय. सर्दी झालेल्या मांजरासारखा."

"आणि तिथे, दारापाशी?"

"इथे तर काहीच नाही! बंद पडला की काय?"

"नाही. काही जागा आवाज गिळून टाकतात."

"ठाऊक आहे मला," ती हळूच म्हणाली.

खिडकीखाली दोघं एकाच वेळी पोचली आणि कपाळावर कपाळ आपटलं. दुन्या खळखळून हसली... आणि दचकून तिने तोंडावर हात ठेवला.

"हात काढा ना," तो म्हणाला. कान अजून जमिनीजवळ, डोळे मात्र तिच्यावर. "तुम्ही लेकीला गोष्टी सांगता त्या भिंतीतून येतात. चोरून ऐकतो मी. एखाद्या दिवशी गोष्ट नाही आली की करमत नाही. पण हसणं... आज पहिल्यांदा ऐकलं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहीवर धूळ लागली होती. काळ्यावर फारच उठून दिसत होती ती.

"हा काळा रंग उतरायला वेळ लागेल, रास्त्को."

"लागू दे. मी कुठे जातोय? भिंतीपलीकडेच तर आहे." मग जरा चाचरत, "पुन्हा येऊ?"

तिने बाहीवरची धूळ झटकली.

"दर रविवारी... आमच्याकडे सूप असतं."

सबवूफर खिडकीखाली बसला. आता तो गुरगुरत नव्हता. जवळ कुणी गाढ झोपलं असावं, तसा खोल, ऊबदार आवाज खोलीभर पसरला. दाराच्या फटीतून एक नाक आत आलं. मग नेवेना आली, पालथी पडली आणि मोठ्यांसारखाच फरशीला कान लावून रांगू लागली. दोघांनाही हसू आवरेना.

"आई, हा आवाज जमिनीतून जातो?"

"जातो, राणी."

"लांबपर्यंत?"

"बराच लांब."

नेवेना विचारात पडली. कान तसाच फरशीला.

"मग आत्ता आपण हसलो, ते बाबाला ऐकू गेलं असेल का गं?"