घोडदळाची कोंडी

तेजल आणि ओमची गाठ पडली ती एका बंद दारामुळे, आणि ते दार तिसऱ्याच कुणाचं होतं.

ओम येवल्याहून पैठणी पोचवायला आला होता. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या बाईंनी रविवारी दुपारी बोलावलं आणि स्वतः कुणाच्या तरी साखरपुड्याला निघून गेल्या. "तासाभरात येतेच," असा वर फोन. गिऱ्हाइकाचा तास किती लांब असतो, हे विणकराच्या घरात वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. साडीचा डबा छातीशी धरून तो सावली शोधत फिरला आणि शेवटी मुझफ्फरभाईंच्या दुकानात येऊन टेकला.

दुकान कॉमिक्सचं आणि खेळण्यांचं. रविवारी मागच्या खोलीत मात्र 'गडझुंज' चालायचं. पत्त्यांचाच खेळ, पण आपली रमी किंवा मेंढीकोट नव्हे. प्रत्येकाने पत्ते जमवायचे, त्यांतून स्वतःचं डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, बांधायचं, आणि समोरच्याच्या गडाचा दरवाजा फोडायचा. त्या दिवशी खेळणारे विषम निघाले. सगळ्यांच्या जोड्या लागल्या आणि एक मुलगी उरली.

"ओ पैठणीवाले," मुझफ्फरभाईंनी हाक मारली, "रिकामेच बसलात ना? या, आमच्या तेजलबेटीसमोर बसा. डेक मी देतो."

"मला नाय येत हो हे."

"काही हरकत नाही," समोरची मुलगी जांभई दाबत म्हणाली. "येणाऱ्यांचंही माझ्यापुढे काही वेगळं होत नाही."

सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी उरकून ती थेट आली होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, बोटांना तेलाचा वास, डोळ्यांत अर्धी झोप. कंपनीत तिचं काम तपासणीचं. लोखंडी भाग मापात बसला की डावीकडे, नाही बसला की उजवीकडे. दिवसभर डावीकडे, उजवीकडे. सुट्टी शनिवारची, पण ती घरच्या धुण्याभांड्यांत आणि पाहुण्यांत जायची. आठवड्याच्या जमेच्या बाजूला तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं... रविवारची ही खोली.

आणि तिचं घोडदळ. तिने पत्ते मांडायला सुरुवात केली आणि ओमला दिसलं, की त्या झोपाळू डोळ्यांत कुणीतरी दिवा लावला. एक घोडा, मग त्याच्या मागे दुसरा, मग सगळी फौज. ओमचा चहा निवायच्या आत त्याचा दरवाजा फुटला.

तो अजून तिच्याकडेच बघत होता. "एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. घोडी आहेत ती, बैलगाडी नाही." ती हसली, पत्ते गोळा केले, आणि पुढच्या टेबलावर निघून गेली.

पुढच्या रविवारी ओम पुन्हा आला. या वेळी साडीचा डबा नव्हता. येवल्याहून नाशिकला एसटीने यायचं, पाच मिनिटं बसायचं, हरायचं, आणि परत एसटी. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, हे त्याला दुसऱ्याच खेपेला कळलं. पण करायचं काय, ते कळेना.

ते कळलं सनीमुळे. सनी हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून एक नवीन डेक बांधून आणलं. दुकानात त्याचं नाव पडलं 'कोंडी'. त्यात दोन पत्ते असे होते, की ते एकदा टेबलावर आले की समोरच्याने काहीही खेळा, त्याचा पत्ता परत त्याच्या हातात. घोडा टाकला, घोडा परत. पुन्हा टाकला, पुन्हा परत. दरवाजा फुटत नाही, फोडता येत नाही. समोरचा नुसता आपल्या गठ्ठ्यातून पत्ते उचलत बसतो आणि गठ्ठा संपला की हरतो. चुकीचं काही नाही, सगळं नियमात. फक्त समोरच्याला खेळायलाच मिळत नाही.

सनीने पहिल्याच दिवशी तेजलला कोंडी लावली. फेरीचा पूर्ण वेळ ती त्याच्यासमोर अडकून पडली.

सगळ्यांनी बघितलं, की कोंडी जिंकते. ओमने एकट्याने बघितलं, की कोंडी *बसवून ठेवते*.

महिन्याभरात खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक टेबलावर कोंडी होती. ज्यांच्याकडे नव्हती ते येईनासे झाले. जे उरले ते एकमेकांना कोंडी लावून घड्याळाकडे बघत बसायचे. हसणं कमी झालं. मुझफ्फरभाईंचा चहा तेवढा जास्त खपू लागला.

तेजल तेवढी घोडदळ सोडायला तयार नव्हती.

"तूही कोंडी बांध ना," सनी सांगायचा. "लॉजिकल आहे."

"दिवसभर तेच करते रे. हा चालेल, हा नाही चालणार, परत पाठव. रविवारीही तेच करू?"

जोड्या मुझफ्फरभाई लावायचे. शेवटच्या फेरीला तेजलसमोर येवल्याचा ओम कसा यायचा, ते त्यांनाच ठाऊक. आणि ओम मन लावून, सावकाश, मागावर बसल्यासारखा तिला कोंडी लावायचा.

"तुला घाई कशाची नसतेच का?" ती विचारायची.

"आमच्याकडं पदराला महिनोन्महिने लागतात. घाई करून कसं चालंल?"

"आणि साडी नेसणारीचं काय? ती तोवर म्हातारी होते."

"पण साडी भारी होते ना."

ती मान वळवून हसू लपवायची... आणि मग टाकलेला घोडा परत हातात यायचा आणि हसू तिथेच विझायचं. पहिल्या काही रविवारी ती झुंजली. नंतर नुसती टाकत राहिली, उचलत राहिली. मग एकदा डोकं हातावर टेकून ती चक्क झोपून गेली. ओमने तिला उठवलं नाही. तिच्या कोपराखालून निसटणारा पत्ता तेवढा अलगद सरकवून ठेवला. त्या दिवशी त्याला वाटलं, आपलं बरं चाललंय. एकाचं बरं चाललेलं दुसऱ्याच्या खात्यावर काय लिहिलं जातंय, हे बघायची सवय फार थोड्यांना असते.

त्यानंतर तेजलने नवाच शहाणपणा शोधला. कोंडीचा पहिला पत्ता पडला, की ती हात वर करायची. "हरले. निकालाच्या कागदावर सही कुठे करू?" आणि उठून जायची.

ओमची एसटी पुन्हा आतबट्ट्यात आली.

डिसेंबर लागला. नाशिकची थंडी संध्याकाळच्या आधीच दुकानाच्या फरशीवर उतरायला लागली. त्या रविवारी तेजल नेहमीपेक्षा उशिरा आली. रात्रीची आणि सकाळची अशा सलग दोन पाळ्या करून आली होती. तिने आपल्या पत्त्यांचा पत्र्याचा डबा मुझफ्फरभाईंच्या काउंटरवर ठेवला.

"भाई, हा दुकानातच ठेवा. नवीन कुणी आलं तर त्यांना खेळायला द्या."

"आणि तू?"

"मी आजच्यापुरती. पुढच्या रविवारपासून झोपणार आहे."

"बेटी, घोडदळ आहे ते. देऊन टाकतेस?"

"धावतच नाहीत भाई. घरी राहिले काय आणि इथे राहिले काय..."

ओम बाजूच्याच मांडणीशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं. आणि त्या बिचाऱ्याने त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की आजची फेरी शेवटची, तेव्हा ती जमेल तेवढी लांबवायला हवी!

शेवटच्या फेरीला तेजलने डब्यातून घोडदळ बाहेर काढलं आणि दोघं समोरासमोर बसली. ओमने कोंडीचे पत्ते हातातच दाबून ठेवले, म्हणजे ती उठून जाणार नाही. तिचे दोन घोडे येऊ दिले. तिसरा येऊ दिला. तिच्या डोळ्यांत कुठेतरी तो जुना दिवा लुकलुकला. ती खुर्चीत सरळ बसली... आणि दरवाजा फुटायच्या बेताला असताना ओमने घाईघाईने कोंडी लावली. घोडा परत हातात.

तेजल या वेळी उठून गेली नाही. पुढचा पत्ता टाकला, परत आला. टाकला, परत आला. पण आज तिची नजर स्वतःच्या पत्त्यांवर नव्हती. ओमच्या हातातला डावीकडून पहिला पत्ता सुरुवातीपासून हललाच नव्हता. बाकीचे येत होते, जात होते, तो तिथेच. सारख्या दिसणाऱ्या भागांतून वाकडा भाग काढणं हा तिचा रोजचा धंदा होता.

दुसऱ्याच्या पत्त्यांना हात लावायचा नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम. तिने सरळ हात पुढे केला, तो पत्ता ओढला आणि टेबलावर उघडा टाकला.

तोफ. कोंडी लागल्यावर एका खेळीत डाव संपवणारा पत्ता.

"हा कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"...सुरुवातीपासून."

"म्हणजे तू केव्हाच जिंकला असतास."

ओमने मान खाली घातली.

"आणि दर वेळी?"

मान आणखी खाली गेली.

"हरवायचं तर हरव ना सरळ!" तिचा आवाज चढला आणि शेजारचे दोन डाव थांबले. "मांजर उंदराला खेळवतं तसं काय? मी उभ्या-उभ्या आठ तास काढून येते इथे. पायांचे तुकडे पडलेले असतात. का बसवून ठेवतोस मला?"

"बसवून ठेवायलाच." ओम पुटपुटला.

"काय?"

"पहिल्या दिवशी तुम्ही पाच मिन्टांत मला हरवलं आणि निघून गेल्या. एवढ्या लांबून यायचं, आन् पाच मिन्टं... म्हटलं, कोंडी लावली तर फेरी संपेस्तोवर समोर तरी बसतील. मला जिंकायचं नव्हतंच. तोफ टाकली की तुम्ही उठणार. म्हणून..."

खोलीत कुणीतरी खोकलं. सनी असावा. मुझफ्फरभाईंनी त्याला हाताने गप्प केलं.

तेजल ओमकडे बघतच राहिली. राग अजून होता, पण आता तो ठेवायचा कुठे ते तिला सापडेना.

"अरे वेड्या," ती शेवटी म्हणाली, "चहाला चला म्हणाला असतास तर?"

"तुम्ही आल्या असत्या?"

"विचारलं असतंस तर कळलं असतं. माझी घोडी अडवलीस ना इतके दिवस. रविवारी तेवढंच धावायचं असतं मला, ओम... तेवढंच एक होतं."

हे मात्र त्याला खरोखर माहीत नव्हतं. त्याचा चेहरा असा उतरला, की बघणाऱ्याला त्याचीच दया यावी. त्याने कोंडीचे दोन्ही पत्ते टेबलावरून उचलले, प्लास्टिकच्या कव्हरांतून बाहेर काढले आणि सनीपुढे सरकवले. "घे तुला. मला नाय लागत." मग आपल्या गडाचा दरवाजा तिच्यासमोर उघडा ठेवून तो बसून राहिला.

तेजलने घोडा टाकला. तो परत आला नाही. दुसरा टाकला. तिसरा. घोडी सुटली आणि दरवाजा फुटला. पाचच मिनिटं.

बाहेर रिक्षांचे दिवे लागत होते. ओमने पिशवी खांद्याला लावली. "माझी बस..." तो म्हणाला आणि तिथेच थांबला. मग पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून म्हणाला, "तेजल, मला तू आवडतेस."

पत्ते गोळा करून ती काउंटरपाशी गेली. ते आपल्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा काखेत घेतला. मुझफ्फरभाई मोठ्या लगबगीने कपाट आवरायला वळले. कपाट आवरलेलंच होतं.

"एवढंच?" तेजलने विचारलं.

"नाय... अजून लय आहे. पण सांगायला बसलो तर बस चुकंल."

तिने खुर्ची ओढली, बसली, आणि दिवसभराच्या दुखऱ्या पायांतल्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

"चुकू दे," ती म्हणाली. "भाई, दोन चहा. आणि घाई नाही."