दुसरं गिऱ्हाईक

आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा आम्हा दोघांच्याही किल्ल्या जप्त झाल्या होत्या.

'जप्त' हा माझा शब्द. शोरूममध्ये त्याला 'तुमच्या जुन्या गाडीचं मूल्यांकन' म्हणतात. आमचा माणूस नुसती एक नजर टाकेल मॅडम, तोवर बसा ना. मग तुम्ही सोफ्यावर बसता आणि तो माणूस नजर टाकतच राहतो. किल्ली नाही, त्यामुळे उठून जाता येत नाही. समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरात एक कुटुंब घरगाडीच्या पायरीवर बसून हसत असतं. थोड्या वेळाने तुम्हीही त्यांच्याकडे बघून हसायला लागता.

"किती वेळ झाला?" सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"दोन कॉफ्या."

"माझ्या तीन. म्हणजे मी तुमच्यापेक्षा जास्त शिजलोय."

मी वळून बघितलं. बघायला नको होतं... पण बघितलं. उन्हात रापलेला चेहरा, कपाळावर टोपी बसते तिथे फिकट रेघ, आणि बोटांत खेळणारी एक काचेची गोटी. माणूस पस्तिशीचा होता. गोटी जेमतेम तिसरीतली.

"गोटी कशाला?"

"मी सर्व्हेअर आहे. जमिनी मोजतो. ही गाडीची जमीन मोजायला." त्याने गोटी उजेडात धरली. "आत सोडायची. एका कोपऱ्याकडे पळाली की तिथली फळी पाणी मुरून खचलीय, असं समजायचं. आणि तुम्ही काय मोजता?"

"दात."

"बाप रे," तो म्हणाला आणि त्याने तोंड मिटून घेतलं. मग मिटलेल्या तोंडानेच हसला.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगायचं हा माझा धंदा, त्यामुळे समोरचा खोटं बोलायला लागला की मला लगेच कळतं, असा माझा समज होता. शिवाय मी तयारी करून आले होते. घरगाड्या विकणाऱ्यांच्या युक्त्यांवर मिळेल ते सगळं वाचलं होतं. 'महिन्याला किती जमेल' या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, पूर्ण किंमत विचारायची. 'हा भाव फक्त आजच' म्हणाले की उद्या यायचं. आत अत्तराचा घमघमाट असेल तर ते कशावर शिंपडलंय ते शोधायचं. गाडी पावसात बघायची, कारण उन्हात कुठलंच छप्पर गळत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — विक्रेता ज्या दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल सांगतो, ते गिऱ्हाईक कधीच नसतं.

गाडी आईसाठी हवी होती. आईने तीस वर्षं शाळेची बस चालवली, एकाच रस्त्यावरून. निवृत्त झाली त्या दिवशी तिने किल्ली परत केली, घरी येऊन चपला काढल्या आणि म्हणाली, "आता शेवट माहीत नसलेल्या रस्त्याने जायचंय." आईने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आणि माझ्या ऐपतीतली घरगाडी सगळ्या शहरात एकच होती. जुनी, पांढरी, कमरेला निळा पट्टा. आत दोन शेगड्या, घडीचं टेबल, मागे पलंग, पलंगाच्या उशाशी खिडकी. खिडकीला पिवळे पडदे.

"मी ती निळ्या पट्ट्याची बघायला आलोय," गोटीवाला म्हणाला.

दुसरं गिऱ्हाईक! आणि ते चक्क श्वास घेत होतं.

"शोरूमवाले तुम्हाला रोजावर ठेवतात, की गाडीमागे काही मिळतं?" मी गोडीत विचारलं.

"म्हणजे?"

"दुसरं गिऱ्हाईक बनून बसायचं."

तो इतका हसला की गोटी सोफ्याखाली गेली. "अहो, गेला तासभर मी तुमच्याबद्दल हाच विचार करतोय!"

आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून गोटी शोधत होतो आणि गाडी आईसाठी हवीय हे मी त्याला सांगत होते, तेवढ्यात ती आली.

ती म्हणजे विक्रेती. तिच्याबद्दल मी निःपक्षपातीपणे सांगते. तिचे दात निर्दोष होते. वरची रांग, खालची रांग, हिरड्यांचा रंग... दोष काढायला कुठे जागा नव्हती, आणि तेच मला खुपलं.

"सर, खाली काय करताय? तुमची कॉफी," ती म्हणाली. त्याला चिनी मातीचा कप, खाली बशी. मला कागदाचा पेला. "सर ना इतके विनोदी आहेत, मॅडम," तिने मला कळवलं.

मला ते आधीच माहीत होतं. तिने सांगायची गरज नव्हती.

*

चार दिवसांनी चांगला दणदणीत पाऊस लागला. मी दोन पेशंटना पुढची वेळ दिली आणि शोरूम गाठलं. तो तिथे आधीच होता, रेनकोट घालून.

"पावसात बघायची असते," आम्ही एकदमच म्हणालो.

विक्रेतीने दार उघडून दिलं. आत लिंबाचा वास होता. लिंबाच्या बागेलाही थोडं जास्त वाटलं असतं इतका. त्याने गोटी सोडली. खाली नवाकोरा जाड गालिचा होता. गोटी त्यात रुतून बसली.

"हलली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे सपाट आहे."

"हो... सपाटच असणार." तो गोटीकडे बघत नव्हता.

आम्ही घडीच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. गळतंय का ते बघायचं म्हणजे शांत बसायला हवं. बाहेर धो-धो कोसळत होतं, पत्र्यावर ताशा वाजत होता, आणि आत एक थेंब नव्हता. त्याने सांगितलं की कामासाठी महिनोन् महिने तंबूत राहावं लागतं. पाठ आता कुरकुरते. मी सांगितलं की कुरकुरणाऱ्या दाढेचा इलाज माझ्याकडे आहे, पाठीचा नाही.

"मग दाढ दुखवून घेतो," तो म्हणाला.

"असं कुणी मुद्दाम करतं का?"

"तुमचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, त्यावर आहे."

"दवाखाना म्हणतात त्याला."

"बघा, आत्तापासूनच दुखायला लागलं."

टेबल अरुंद होतं. गुडघे लागू नयेत म्हणून आम्ही दोघंही फार काळजी घेत होतो... इतकी, की दुसरं काही लक्षात राहिलं नाही. तासाभराने उठलो तेव्हा मला खात्री पटली होती. गाडीबद्दलही.

तो आधी गेला. विक्रेती मला दारापर्यंत सोडायला आली.

"मॅडम, मी सांगायला नको, पण तुमच्याबद्दल आपुलकी वाटते म्हणून सांगते. सर उद्या सकाळी सही करतायत." मग जरा थांबून, "त्यांच्या होणाऱ्या मिसेसना पडदे फार आवडलेत."

*

मला नियम पाठ होता. विक्रेती सांगते ते खोटं असतं. पण दुसरं गिऱ्हाईक नसतं हाही नियमच होता, आणि त्या गिऱ्हाइकाच्या डाव्या गालावर हसताना खळी पडते हे मी स्वतः बघितलं होतं. नियमाचा एक पाय मोडल्यावर दुसऱ्यावर भार टाकवेना.

घरी आले. होणाऱ्या मिसेस माझ्या आधी पोचल्या होत्या. जेवायला बसले तर त्या समोर. त्यांना मी उंच केलं, मग बुटकं केलं. नाक बसकं केलं. तरी त्या पिवळ्या पडद्यांमागून सकाळच्या उन्हात उठत होत्या आणि त्यांना तो कॉफी नेऊन देत होता. चिनी मातीच्या कपात.

"आई, उद्या गाडी घ्यायची," मी जाहीर केलं.

"त्यांनी भाव उतरवला?"

"नाही. पूर्ण भावात घ्यायची. वरून रंगाचं संरक्षण, जास्तीची वॉरंटी, जे काय चिकटवतील ते सगळं घ्यायचं."

आई माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं मागच्या सीटवर कोण कुणाचे केस ओढतंय हे ती आरशातून ओळखत आलेली. "तुला गाडी घ्यायची आहे, की कुणाच्या तरी नाकावर टिच्चून घ्यायची आहे?"

"तुझं काहीतरीच!"

"बरं. गळत नाही ना?"

"नाही. भर पावसात तासभर आत बसून बघितलं."

"एकटीच?"

"...एक सर्व्हेअर होते."

"अस्सं," आई म्हणाली, आणि तिने शांतपणे ताट उचललं.

*

सकाळी शोरूम उघडायच्या आधी मी दारात. पाऊस होताच. आई मागच्या बाजूला गाडी बघायला गेली आणि विक्रेतीने मला आत बसवलं. कागद पुढे ठेवले, पेन दिलं. मग हातात कप दिला. चिनी मातीचा, खाली बशी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो कप आवडत्या माणसाला मिळत नव्हता. जो सही करेल असं वाटतं त्याला मिळत होता.

तरी मी पेनाचं टोपण काढलं. अक्कल आली म्हणून मत्सर जात नाही. तो तिथेच पाय पसरून बसतो.

दार ढकलून तो आत आला. निथळत. माझ्या हातातलं पेन बघून जागीच थांबला.

"अरे वा," तो म्हणाला. आवाज मात्र 'अरे वा'चा नव्हता. "अभिनंदन. मिस्टर खूश होतील."

"कुणाचे मिस्टर?"

"तुमचे. आज पैसे घेऊन येणार होते ना?"

"माझे? आणि तुमच्या होणाऱ्या मिसेसना पडदे आवडले त्याचं काय?"

"माझ्या कोण?"

विक्रेती कागदांच्या कडा जुळवायला लागली. त्या मुळात जुळलेल्याच होत्या.

आई मागच्या दाराने आत आली, छत्री झटकत. "काय गं, काल तुम्ही बसला होतात ते याच गाडीत?"

"हो."

"ती याच जागी उभी होती?"

"हो आई, तिथेच."

"वर बघितलंत?"

आम्ही दोघंही मागच्या खिडकीशी गेलो आणि वर बघितलं. निळ्या पट्ट्याच्या गाडीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शोरूमची लांबलचक पत्र्याची शेड होती. आदल्या दिवशी तासभर जो ताशा आम्ही कान देऊन ऐकला, तो शेडच्या पत्र्यावर वाजत होता. गाडीवर एक थेंबही पडला नव्हता. एक जण जमीन मोजणारा, एक जण किडका दात शोधणारी... आणि छपराखाली बसून छप्पर तपासत होतो.

"मी..." तो म्हणाला, "वर बघत नव्हतो."

"मीही," मी म्हणाले.

"ते कळलं," आई म्हणाली. "गाडीची किल्ली द्या हो. चालवून बघते."

"आई, पाऊस थांबू द्या ना जरा," विक्रेती गडबडली.

"पावसात बस बंद ठेवली असती तर मुलं शाळा शिकली नसती. द्या."

आईने गाडी शेडमधून बाहेर काढली. आम्ही दोघं मागे, त्याच टेबलाशी. विक्रेतीने बनवलेले 'होणाऱ्या मिसेस' आणि 'मिस्टर' अजून आमच्यामध्ये बसलेले होते.

पहिला थेंब पिवळ्या पडद्यावर पडला. दुसरा टेबलावर. मग पलंगाच्या कोपऱ्यातून धारच लागली, आणि लिंबाचा वास हरून कुजक्या लाकडाचा वास वर आला. तिसरा थेंब त्याच्या कपाळावर पडला, बरोबर टोपीच्या रेघेवर. त्याने तो पुसला नाही.

"मला झोप लागली नाही काल," तो म्हणाला.

"गाडी हातची जाणार म्हणून?"

"गाडी तर मी पहिल्याच दिवशी सोडली होती. तुमच्या आईंसाठी हवीय असं म्हणालात ना, तेव्हाच."

"मग काल कशाला आला होतात?"

"तुम्ही याल म्हणून. आणि काल संध्याकाळी शोरूममधून फोन आला की तुमचे मिस्टर आहेत... त्यांना मी कधी बघितलं नाही, पण काल रात्रभर मी त्यांचा इतका तिरस्कार केला... टक्कलसुद्धा पाडलं त्यांना."

"मी तुमच्या मिसेसचं नाक बसकं केलं."

"गरीब बिचारी."

"मुळीच नाही. फार माज होता तिला."

आता टेबलाखाली गुडघे लागले. कुणीच काळजी घेतली नाही. एक थेंब माझ्या मानेवर पडून आत ओघळला. शहारा आला तो थेंबामुळे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"गळतेय का गं?" पुढून आईने ओरडून विचारलं.

"हो!" आम्ही दोघंही ओरडलो. एखादी गाडी गळते म्हणून इतका आनंद कुणाला झाला नसेल.

*

विक्रेतीने सकाळी पुन्हा जप्त केलेल्या आमच्या दोघांच्या किल्ल्या परत केल्या. मूल्यांकन एकदाचं संपलं होतं.

"सांगू का मॅडम," ती थकून म्हणाली, "इतकी वर्षं मी दुसरं गिऱ्हाईक दुसरं गिऱ्हाईक करते. खरोखरचं आजच पहिल्यांदा होतं. आणि तेही गेलं."

ती हसली. मनापासून, पहिल्यांदाच. वरच्या रांगेत उजवीकडचा दुसरा दात कॅप घातलेला होता. काम उत्तम होतं, पण कॅपच. इतके दिवस तो माझ्या नजरेतून सुटला होता. तिथल्या तिथे मी तिला माझं कार्ड दिलं.

घरगाडी पुढे आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याकडून घेतली. त्यांनी स्वतःच पाइप लावून छपरावर पाणी सोडून दाखवलं, आणि जिथे पूर्वी गळत होतं ती जागाही. पडदे करडे आहेत. मला आवडतात.

आता ती आई चालवते. शेजारची सीट माझी असायला हवी होती, पण नकाशा कळतो म्हणून तिथे तो बसतो. फाटा आला की आई त्याला विचारते, "काय रे, इकडे की तिकडे?" मला विचारत नाही. दोघं पुढे खिदळत असतात, मी मागे घडीच्या टेबलाशी एकटी, आणि गोटी सपाट जमिनीवर माझ्यासारखीच पडून असते. मी त्या दोघांच्या मानांकडे बघत धुमसत बसते. एकदा तर मोठ्याने म्हणाले, "मला उतरवा कुठेतरी, म्हणजे तुम्हाला मोकळेपणाने बोलता येईल."

"कॉफी दे तिला," आई आरशात बघून त्याला म्हणाली.

त्याने मागे हात केला. हातात कप होता. चिनी मातीचा, खाली बशी. आरशात तो माझ्याकडेच बघत होता, आणि मिटलेल्या तोंडाने हसत होता.

मी कप घेतला.

"सही कुठे करायची?" मी विचारलं.