शलाकाचा गोता

सकाळचं उड्डाण आटोपून स्क्वाड्रन लीडर शलाका कदमबांडे हँगरच्या सावलीत उपमा खात बसली होती. शेजारी तिचं विमान उजळणी करत होतं. उतरल्यानंतरची चाळीस मिनिटं ते कुणालाच मिळत नसे. त्याच्यातला संगणक, ज्याला सगळे वैमानिक 'सोबती' म्हणत, तेवढ्या वेळात त्या दिवशीची प्रत्येक हालचाल पुन्हा चाळून आपलीशी करत असे. कोणतं वळण कधी घेतलं, वेग कुठे कमी केला, हात कुठे क्षणभर अडखळला. पुढच्या वेळी माणसाचा हात पोचायच्या आत सोबतीच ते करून मोकळा होई. मित्रदेशाकडून घेतलेल्या या विमानांचं खरं बळ इंजिनात नव्हतं, या शिकण्यात होतं.

"आज काय शिकवलंस त्याला?" एअर कमोडोर भालचंद्र सरनोबतांनी विचारलं. शलाका त्यांची विद्यार्थिनी. विमानांची खरेदी ठरली तेव्हा वाटाघाटींची तांत्रिक बाजू त्यांनीच सांभाळली होती. आता निवृत्तीला सहा महिने उरले होते.

"गोता, सर. धुळ्यात गच्चीवरून पतंगाला द्यायचो तसा. मागे कुणी लागलं की वेग इतका कमी करायचा, की विमान पडतंयच असं वाटावं. डाव्या पंखावर कलायचं, नाक खाली जाऊ द्यायचं आणि अगदी शेवटी खेच द्यायची. मागचा पुढे निघून जातो आणि आपण त्याच्या पाठीवर."

"आणि सोबतीला जमतं?"

"माझ्यापेक्षा बरं," ती हसत म्हणाली.

सरनोबत हसले नाहीत. उजळणी संपली की ते सगळं शिक्षण तळावरच्या एका बंद खोलीतून मित्रदेशातल्या कारखान्याकडे जाई आणि तिथून तशा प्रत्येक विमानाच्या सोबतीत उतरे. खोलीची किल्ली मित्रदेशाच्याच अभियंत्यांकडे असे. करारातलं एकोणिसावं कलम तसंच होतं: विमान जे शिकेल, त्यावर मालकी विमान बनवणाऱ्याची.

त्या कलमाला सरनोबतांनी विरोध केला होता. दोन पानी असहमतीची टिपणीही लिहिली होती. तेव्हा आपल्याच शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी त्यांना हॉटेलच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं होतं. "सरनोबत, पंधरा दिवसांत मंत्रीसाहेब सही करायला येताहेत. हे कलम नसेल तर समोरचे विमानं देणार नाहीत. तुम्हाला विमानं हवीत की टिपणी?" सरनोबतांना विमानं हवी होती. जुन्या विमानांतून त्यांनी दोन मित्र गमावले होते. त्यांनी टिपणी मागे घेतली आणि सही केली.

त्याच वर्षी पावसाळ्यात मित्रदेशाने तीच विमानं भारताच्या शेजारी देशालाही विकली आणि लगेच पोचवलीही. कारण दिलं, प्रादेशिक समतोल. दिल्लीने दोन दिवस नाराजी व्यक्त केली, मग तीही थांबली. सुटे भाग तिकडूनच यायचे होते.

ऑक्टोबरात सीमेवर चकमक झाली. तीत फ्लाइट लेफ्टनंट नोएल लोपीस याचं विमान पडलं. नोएल वसईचा, सत्तावीस वर्षांचा, शलाकाच्याच तुकडीतला. तो परत आला नाही.

चौकशी समितीपुढे सरनोबत आणि शलाका शेजारी बसले होते. पडद्यावर रडारने टिपलेल्या दोन रेषा सरकत होत्या. निळी नोएलची, लाल शेजाऱ्याच्या विमानाची. नोएल मागे लागला होता, अंतर कमी होत होतं. लाल रेषेचा वेग अचानक घटला. ती डावीकडे कलली, खाली गेली, जणू पडलीच, आणि एकदम वर उसळली. निळी पुढे निघून गेली. मग निळी रेषा संपली.

शलाका सरनोबतांकडे झुकली. "सर," ती हळूच म्हणाली, "ती मी आहे."

तिने तो गोता समितीला समजावल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "नोएलच्या विमानालाही हा डाव ठाऊक होता ना?"

"मारता येत होता, सर," शलाका म्हणाली. "पण समोरच्याने तो आपल्यावर टाकलेला त्या विमानाने कधी पाहिला नव्हता. आमच्यात तो कुणी कुणावर वापरलाच नव्हता."

सरनोबत उभे राहिले. मागे घेतलेल्या टिपणीबद्दल त्यांनी सगळं सांगितलं आणि ती अहवालात घ्यावी अशी विनंती केली. अध्यक्षांनी कागद चाळले. "नाही घेता येणार," ते म्हणाले. "हे बाहेर गेलं तर सुटे भाग थांबतील. विमानं जमिनीवर बसतील आणि सीमा उघडी पडेल. दोष वैमानिकाच्या अंदाजाचा, असं लिहावं लागेल."

बाहेर आल्यावर शलाकाने विचारलं, "उद्या सकाळी माझं उड्डाण आहे, सर. कसं उडवू? चांगलं उडवलं तर ते तिकडे जाणार. वाईट उडवलं तर माझ्या तुकडीतली पोरं काय शिकणार?"

 

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी ते वसईला गेले. नोएलचे वडील पास्कल केळीच्या बागेला पाणी लावत होते. त्यांनी हात धुतले, पाहुण्याला ओट्यावर बसवलं, सरबत दिलं. सांगायची परवानगी नसलेली गोष्ट सरनोबतांनी सांगितली. सोबती, बंद खोली, कलम, आपली सही. "तुमच्या मुलाचा अंदाज चुकला नव्हता," ते म्हणाले. "चूक माझी होती."

 पाटातलं पाणी आळं भरून बाहेर वाहू लागलं, तरी पास्कल उठले नाहीत.

"नोएल पण शिकवायचा का हो त्या सोबतीला?"

"रोज. सगळेच शिकवतात."

"म्हणजे तोही तिकडे गेला असेल."

"हो."

"आणि अजून उडत असेल. त्यांच्याकडे पण आणि आपल्याकडे पण."

सरनोबतांनी मान हलवली.

"साहेब, माझा पोरगा डावखुरा होता. घाईत पहिलं डावीकडे वळायचा, सायकलवर सुद्धा." पास्कलनी वर आभाळाकडे पाहिलं. "उद्या त्याच्या त्या वळणानं एखादा वाचेल, नाहीतर एखादा मरेल. इकडचा किंवा तिकडचा. मग मी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची ती कुणासाठी?"