लाल टोपणाची नळी

"नाव माझं आहे, रक्त माझं नाही."

इंतिसारने अहवाल टेबलावर आपटला. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. सुहैर गरगूरी यांनी तो वाचला. लग्नाआधीची सक्तीची रक्ततपासणी. सिफिलिस. चाळणीची चाचणी पॉझिटिव्ह, खात्रीची चाचणीही पॉझिटिव्ह. खाली त्यांचीच सही.

"लग्न कधी?"

"गुरुवारी, नगरपालिकेत. आता कसलं लग्न! लस्सादच्या घरून निरोप आलाय, सगळं थांबवा म्हणून. अख्ख्या स्फाक्स शहरात मीच चघळायला आहे."

"आधी कुणी वाचलं हे?"

"होणाऱ्या नणंदेने, नज्वाने. पाकीट माझ्याआधी तिच्या हातात पडलं."

तंत्रज्ञ रिदा चाचरला. "नज्वा नर्स आहे, डॉक्टर. दोघांचं रक्त तिनेच नवरीच्या घरी जाऊन काढलं. 'आमची नवरी रांगेत उभी राहणार नाही,' म्हणाली. नमुने तिने आणले, म्हणून पाकीटंही तिलाच दिली. घरचीच बाई."

"रिदा, असा कागद आईच्या हातातसुद्धा देत नसतात."

सुहैरने स्वतः इंतिसारचं रक्त काढलं. सिफिलिससाठी लाल टोपणाची नळी, रक्तगटासाठी जांभळ्या टोपणाची. दुपारपर्यंत निकाल आला. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. रक्तगट ए, आधीच्या अहवालात होता तोच.

"म्हणजे चूक आपलीच?" रिदाने कपाळ पुसलं. "पण नळ्यांची अदलाबदल झाली असती, तर गटही बदलला असता ना?"

"जांभळी नळी तिचीच होती. लाल नळीचं काय? शनिवारचं सीरम आहे ना फ्रीजमध्ये?"

"आहे. तेव्हाही फारसं काम पडलं नव्हतं. नज्वाने लाल नळीत नुसतं सीरमच आणलं होतं, वरचं पिवळं पाणी. रक्ताची गुठळीसुद्धा नव्हती. म्हटलं, नर्स आहे, आपले कष्ट वाचवले."

"रक्त काढलं किती वाजता?"

"चिठ्ठीवर दहा. इथे पोचली दहा वीसला."

सुहैरने हातमोजे चढवले. तिने फ्रीज उघडला.

चार वाजता लस्साद आणि नज्वा समोर बसले होते. इंतिसार खिडकीशी उभी होती.

"आजचं रक्त स्वच्छ आहे," सुहैर म्हणाली.

नज्वा हसली. "असणारच. कागद बघितल्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं असेल. मी रोज टोचते, मला नका शिकवू."

"इंजेक्शनने रोग जातो. चाळणीची चाचणी मात्र महिनोन् महिने हळूहळू उतरते, आणि खात्रीची बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. दोन दिवसांत दोन्ही कोऱ्या होत नाहीत. शनिवारचं सीरम हिचं नव्हतंच."

"मग माझं?" लस्साद दचकला. "ताई, तू माझी नळी तर..."

"तुमचंही नाही. ए गटाच्या माणसाचं सीरम बी गटाच्या पेशींच्या गाठी करतं. तुमचा गट बी, तुमचं सीरम ए पेशींच्या गाठी करेल. या सीरमने दोन्हींच्या केल्या. म्हणजे माणूस ओ गटाचा. शनिवारी, सणाच्या आदल्या दिवशी, इथे चारच जणांचे नमुने आले होते. त्यात ओ एकही नाही. हे सीरम बाहेरून आलं."

"तुमच्या माणसाने घोळ घातला असेल!"

"नज्वा, रक्त गोठायला अर्धा तास लागतो. मग ते यंत्रात फिरवायचं, तेव्हा सीरम सुटतं. तू दहाला रक्त काढलंस आणि दहा वीसला तयार सीरम आणून दिलंस. नवरीच्या घरी कुठलं यंत्र होतं?"

नज्वाने ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

"रक्तगट जांभळ्या नळीतून बघतात, म्हणून ती तू खरी दिलीस. सीरममध्येही गट लपलेला असतो, तो कुणी तपासेल असं तुला वाटलं नाही. तुझ्या दवाखान्यातलं उरलेलं सीरम होतं ना? कुणाचं?"

"एका बाईचं," नज्वा पुटपुटली.

"तिला उपचार मिळाले?"

"चालू आहेत."

"उद्या तिचे कागद मला दाखवायचे."

"का केलंस ताई?" लस्सादचा आवाज फाटला.

"तू हिच्याबरोबर ट्युनिसला चाललास! अम्मी नऊ वर्षं अंथरुणाला खिळलीय. तिला कुशीवर मीच वळवायची, मीच धुवायची. तू सणाला खजुराची मिठाई घेऊन येणार आणि गुणाचा मुलगा ठरणार! एकदा तरी विचारलंस, ताई, तुझं लग्न कधी?"

तो खुर्चीवरून उठला. मग खिडकीशी गेला. "इंतिसार, मला माफ कर. गुरुवारी..."

"कागद वाचून तू मला फोन केलास?"

त्याने बहिणीकडे पाहिलं.

"एकदा विचारलंस, हे खरं का?"

"ताई म्हणाली..."

"ताई म्हणाली." तिने आपला फोन नज्वापुढे ठेवला. "आधी माझ्या आईला लाव. मग तुझ्या अम्मीला. मग ज्या ज्या बाईच्या कानात हे घातलंस, तिला. माझ्यासमोर, काय केलंस ते तुझ्याच तोंडाने सांग."

"आणि मी?" लस्सादने विचारलं.

"तू नगरपालिकेत जा. गुरुवारची वेळ दुसऱ्या कुणाला तरी देऊ देत."