वारा नसताना फिरणारी पाती

"एक तरी पान हलतंय का, बघ!" खार म्हणाली.

ढोल्याने अंगणातल्या झाडाकडे मान वर केली. "छे! दोरीवरचा शर्टसुद्धा हलत नाहीये."

"मग छपरावरची पवनचक्की कशी फिरतेय?"

खार आणि ढोल्या, घरच्यांनी ठेवलेल्या टोपणनावांची ही चुलत भावंडं सुट्टीसाठी काकांच्या टेकडीवरच्या घरी आली होती. बाहेरून वीज घ्यायचीच नाही, ऊन आणि वाऱ्यावर घर चालवायचं, असा काकांनी चंग बांधला होता. आराखडा त्यांचा, जोडणीही त्यांचीच. वारा नसतानाही चक्की फिरते, याचा त्यांना कोण अभिमान! पण रोज पहाटे बॅटऱ्या संपत, आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडे आणि छोटा सिलिंडर लावेपर्यंत ते ओठ निळे पडेस्तोवर धापा टाकत.

"आमचे बाबा म्हणजे घरातलं सगळ्यात खादाड यंत्र!" परवा जेवताना काका आजोबांसमोरच म्हणाले होते. सगळे हसले. खारही हसली होती, आणि त्याची तिला आता लाज वाटत होती. कारण काकांच्या नव्या आराखड्यात आजोबांच्या खोलीवर लिहिलं होतं, 'जादा बॅटऱ्या'. आजोबांना वृद्धाश्रमात न्यायला गाडी दहा वाजता येणार होती. पावणेदहा तर वाजले होते!

दोघं व्हरांड्यातल्या बॅटऱ्यांकडे धावली. चक्कीच्या तारेवर एक मीटर होता.

"काटा उलटा आहे!" ढोल्या ओरडला. "वीज चक्कीकडून येत नाहीये, चक्कीकडे चाललीय!"

"म्हणजे बॅटरीच तिला पंख्यासारखी फिरवतेय! काका! काका, लवकर या!"

काका तणतणत आले. मागून काकू, वेळेआधीच आलेल्या गाडीचा ड्रायव्हर आणि सिलिंडर लावलेले आजोबा आले.

"हात लावू नका! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

खारने चक्कीचा खटका खाली ओढला. पाती मंदावली आणि थांबली. ड्रायव्हर खो खो हसला. काकांचा चेहरा पडला.

"डायोड," ते पुटपुटले. "वीज उलटी जाऊ नये म्हणून असतो तो. तापत होता, म्हणून मीच काढून टाकला."

पण ओशाळणं काकांच्या स्वभावातच नव्हतं. "शाब्बास रे पठ्ठ्यांनो! आमच्या घराण्याचं डोकं! जादा बॅटऱ्या नकोत आता. बाबा, तुमची खोली वाचली!"

"बॅटऱ्यांना नको झाली, म्हणून मला मिळाली?" आजोबांनी विचारलं.

"तसं नाही हो, बाबा..."

"तसंच आहे." आजोबा सिलिंडर सावरत गाडीत बसले.

खारने दार धरलं. "आजोबा, नका ना जाऊ! मशीन आता बंद नाही पडणार!"

"हुशार आहेस हो, पोरी." आजोबांनी तिची बोटं दारावरून हळूच सोडवली. "पण परवा तूही हसलीस."

गाडी उतारावरून निघून गेली.

"बक्षीसच द्यायला हवं हिला!" काका काकूंना म्हणाले. त्यांनी पाठीवर ठेवलेला हात खारने झटकून टाकला.